राखी पान, हिरवं पान: माउंट वेलिंग्टनवरच्या निलगिरीचं प्रकरण

होबार्ट शहराच्या पाठीमागे माउंट वेलिंग्टन उभा आहे. २०१३ पासून त्याचं अधिकृत नाव ‘कुनान्यी / माउंट वेलिंग्टन’ असं जोडनाव झालं. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटाच्या आग्नेय भागातला हा १,२७१ मीटर उंचीचा डोंगर, आणि माथ्यापर्यंत गाडीरस्ता. चढण निम्म्यावर आली की निलगिरीची एक जात दिसायला लागते, युकॅलिप्टस अर्निजेरा. तिथल्या दाट, आडोशाच्या रानात तिची पानं चकचकीत हिरवी असतात. आणखी काहीशे मीटर चढून उघड्या, वाऱ्याच्या उतारावर आलं की याच जातीची पानं पांढुरकी राखी दिसतात, जणू कुणी मूठभर राख घेऊन झाडावर फुंकली आहे. अधल्यामधल्या पट्ट्यात सगळ्या छटा सापडतात.

ही दोन वेगळी झाडं असावीत असंच कुणालाही वाटेल. पण कळ्या पाहिल्या तर खाली-वर तीन-तीन कळ्यांचे झुपके, लांब देठावर लोंबणारे. फळ पाहिलं तर खाली-वर तीच गळ्यापाशी आवळलेली सुरई. जोसेफ डाल्टन हूकर या ब्रिटिश वनस्पतीशास्त्रज्ञाने १८४७ साली या झाडाला नाव दिलं ते या फळावरून. ‘अर्निजेरा’ म्हणजे कलश वाहणारी. पानाच्या रंगावरून नाव दिलं असतं तर पुढे बराच घोळ झाला असता.

या प्रकरणातला प्रश्न सरळ आहे. एकाच जातीचं पान डोंगराच्या खाली एक रूप घेतं आणि वर दुसरं, हे कशामुळे? आणि पानाच्या पृष्ठभागाची सूक्ष्म लक्षणं पाहून झाडं ओळखणाऱ्यांनी यातून काय घ्यायचं? माझा स्वतःचा रस दुसऱ्या प्रश्नात जास्त आहे, पण पहिला सोडवल्याशिवाय दुसऱ्याला हात घालता येत नाही.

आधी ती राख म्हणजे काय ते पाहू. मी हा डोंगर पाहिलेला नाही. ज्या राखी पानांवर हात बसला ती दुसऱ्या एका निलगिरीच्या, युकॅलिप्टस ग्लोब्युलसच्या, कोवळ्या रोपाची. निलगिरीच्या प्रजातीत, म्हणजे तिच्या साऱ्या जाती मिळून होणाऱ्या गटात, रोपवयातली पानं आणि मोठ्या झाडाची पानं पुष्कळदा ओळखू येणार नाहीत इतकी वेगळी असतात. ग्लोब्युलसची रोपवयातली पानं समोरासमोर, बिनदेठाची आणि पिठूळ राखी. मोठ्या झाडाची एकाआड एक, देठाची, कोयत्यासारखी लांब आणि चकचकीत हिरवी. राखी पानावर अंगठा फिरवला की अंगठ्याच्या रुंदीचा हिरवा पट्टा उमटतो आणि अंगठ्याला काही लागलंय असं जेमतेम जाणवतं. द्राक्षावरचा पांढुरका थर बोटाने पुसावा तसंच. पाण्याचा थेंब टाकला तर तो चेंडू होऊन घरंगळतो. अळवावरचं पाणी आपण म्हणतो, ते हेच. अळूच्या पानावरही मेणाचे असेच बारीक स्फटिक असतात. मग तोच थेंब अंगठ्याने पुसलेल्या पट्ट्यावर टाकावा. तो पसरतो, चिकटतो, पान तिरपं केलं तरी हलत नाही. पान एकच आहे, बोटभर अंतरावर दोन स्वभाव.

रंध्रं, म्हणजे पानाची श्वासाची सूक्ष्म छिद्रं, पाहण्यासाठी नेलपॉलिशचा ठसा घ्यायची युक्ती वनस्पतीशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. पानावर पातळ थर द्यायचा, वाळला की चिकटपट्टीने उचलायचा, काचपट्टीवर लावून भिंगाखाली घालायचा. राखी पानावर या युक्तीने माझी एक अख्खी दुपार खाल्ली. ठशात रंध्राच्या दोन ओठांसारख्या रक्षक पेशींच्या जागी नुसता दाणेदार धुरळा दिसत होता. कारण नंतर लक्षात आलं: थर पानाला चिकटलाच नव्हता, तो पानावरच्या मेणाला चिकटला होता आणि मेणच घेऊन वर आला होता. पान काही सेकंद क्लोरोफॉर्ममध्ये बुडवून काढलं, सुकवलं, मग ठसा घेतला तेव्हा कुठे रंध्रं नीट उमटली. ते क्लोरोफॉर्म बशीत उडून गेल्यावर तळाला पांढरी साय राहिली. पानाची ‘राख’ ती हीच.

मेण धुतल्यावर साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसतं त्याने डोळे दिपत नाहीत. जाड उपत्वचा (पेशींवरचं बाहेरचं निर्जीव आवरण), बहुकोनी पेशींची फरसबंदी, मधेमधे रंध्रं, आणि खालून डोकावणाऱ्या तेलग्रंथींचे गोल डाग. मोठ्या झाडाचं निलगिरीचं पान उभं लोंबतं, त्याला वरची बाजू-खालची बाजू असा भेद फारसा नसतो, म्हणून बहुतेक जातींत रंध्रं दोन्ही अंगांना सापडतात. हिरवी-राखीचा उलगडा या चित्रात होत नाही, कारण उलगडा ज्यात आहे ते आपण धुऊन टाकलं. आणि धुतलं नसतं तरी दिसलं नसतं. मेणाच्या एकेका नळीची जाडी मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, पाव भागाएवढी. साध्या प्रकाशावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकाची क्षमता तिथेच संपते.

म्हणून या प्रकरणाला वेग आला तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे. १९५८ साली जुनिपर आणि ब्रॅडली यांनी पानाच्या पृष्ठभागाचा कार्बनचा अतिपातळ ठसा घ्यायची रीत मांडली. नेलपॉलिशचाच हा थोरला भाऊ, फक्त हजारपट नाजूक. पुढे हॉल आणि बार्बर यांच्या गटाने १९६५ साली अर्निजेराच्या पानांवरचं मेण एकाच वेळी दोन अंगांनी तपासलं: दिसतं कसं आणि बनलंय कशाचं. राखी पानावर नळ्यांचं रान होतं. हिरव्या पानावर चपटे पापुद्रे. आणि राखी पानाच्या मेणात बीटा-डायकीटोन या वर्गातलं संयुग भरपूर.

इथे जरा थांबायला हवं, कारण ही गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. निलगिरीच्या मेणातलं हे बीटा-डायकीटोन म्हणजे ३३ कार्बन अणूंची लांब साखळी, तिच्या साधारण मध्यावर दोन ऑक्सिजन. ही साखळी पेशीत तयार होते, उपत्वचेतून बाहेर येते, आणि बाहेर आल्यावर स्वतःच नळीच्या आकारात गोठते. पानावर कुठला साचा नाही, छिद्र नाही, शेवया पाडायच्या सोऱ्यासारखं काही नाही. याचा पुरावा प्रयोगशाळेत मिळतो: पानावरून मेण विरघळवून घ्यायचं, दुसऱ्याच पृष्ठभागावर द्रावक उडू द्यायचा, तर काही मेणं आपला जुना आकार पुन्हा धरतात. जेफ्री, बेकर आणि हॉलोवे यांनी १९७५ साली निरनिराळ्या वनस्पतींच्या मेणांवर असे प्रयोग छापले. आकार रेणूतच आहे. म्हणजे झाडाने रसायन बदललं की पृष्ठभागाची रचना बदलते, रचना बदलली की रंग बदलतो. नळ्यांची जाडी दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपास असल्यामुळे प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो, म्हणून पान राखी दिसतं. रंगद्रव्य कणभरही नाही. ढग पांढरा दिसतो त्यातलाच प्रकार.

आता डोंगर. होरेस न्यूटन बार्बर १९४७ मध्ये टास्मानिया विद्यापीठात वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. मूळ शिक्षण गुणसूत्रांचं, पण दारातच असा डोंगर असल्यावर गुणसूत्रांत किती काळ रमणार? १९५५ साली त्यांनी टास्मानियातल्या निलगिरींमधल्या राखीपणामागच्या जनुकांवर लेख लिहिला आणि १९५७ साली डब्ल्यू. डी. जॅक्सन यांच्याबरोबर ‘नेचर’मध्ये अर्निजेराचा. शीर्षकच बोलकं होतं: निलगिरीतली नैसर्गिक निवड, प्रत्यक्ष घडताना. उंचीनुसार एखादं लक्षण असं पायरीपायरीने बदलत जातं त्याला जीवशास्त्रात क्लाइन म्हणतात. क्लाइन पुष्कळ ठिकाणी आहेत. या क्लाइनची खुबी अशी की ती एका डोंगराच्या एका उतारावर, चालत जाण्याच्या अंतरात मावते.

अंतराचं महत्त्व समजून घ्यायला हवं. निलगिरीचं फुलणं म्हणजे पुंकेसरांची झुबकेदार कुंचली, तीवर कीटक आणि पक्षी येतात, पराग खालून वर आणि वरून खाली जातच राहतात. पराग असे मिसळत असताना पिढ्यान् पिढ्या खालचं हिरवं आणि वरचं राखी राहतं, याचा अर्थ मिसळण्याच्या विरुद्ध काहीतरी जोर लावून ओढतंय. वर पडलेल्या हिरव्या रोपांची आणि खाली पडलेल्या राखी रोपांची दर पिढीला छाटणी होत असली पाहिजे. आणि लक्षण आनुवंशिक आहे. राखीपण निव्वळ थंडीने अंगावर आलेली मेणाची शाल नव्हे.

(चार्ल्स डार्विन १८३६ च्या फेब्रुवारीत याच डोंगरावर चढला होता. तिथल्या निलगिरी केवढ्या वाढल्या आहेत याची नोंद त्याने केली आहे. नैसर्गिक निवडीचं एक नेटकं उदाहरण त्याच्या दोन्ही बाजूंना उभं होतं आणि तो वाट काढत वर निघून गेला. त्याला दोष नाही. तो विचार त्याच्याही डोक्यात अजून यायचा होता.)

छाटणी कोण करतं? पहिलं उत्तर सुचतं थंडीचं, आणि ते अर्धवट आहे. चारशे मीटर चढलं की हवेचं सरासरी तापमान अडीच अंशांच्या आसपास उतरतं. एवढ्याशा फरकाने झाडं मरायला लागली असती तर एखाददुसऱ्या कडक हिवाळ्याने खालची झाडंही उडवली असती. शिवाय मेण म्हणजे गोधडी नव्हे. मायक्रॉनभर जाडीचा थर पानाला ऊब देत नाही. ‘राखी पानं थंडीपासून रक्षणासाठी’ असं वाक्य अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. रक्षण कसं, याचं उत्तर त्यात नसतं.

उत्तर मघाच्या थेंबात आहे. पाणी शून्य अंशाला गोठतं हे शाळेतलं अर्धसत्य. बर्फाचा पहिला स्फटिक जमायला काहीतरी निमित्त लागतं: धुळीचा कण, विशिष्ट जिवाणू, किंवा आधीच असलेला बर्फ. निमित्त मिळालं नाही तर पाणी शून्याखाली कितीतरी अंश द्रवच राहतं. पानाच्या आतलं पाणी हा खेळ खेळू शकतं आणि थंड रात्र निभावून नेऊ शकतं. पण पानाच्या बाहेर पाण्याचा थर पसरलेला असेल तर तो आधी गोठतो. त्यात धूळ असते, जिवाणू असतात. ‘स्यूडोमोनास सिरिंजी’ नावाचा पानांवर राहणारा जिवाणू तर उणे दोन अंशांच्या आसपासच बर्फाला सुरुवात करून देतो. बाहेर जमलेला बर्फ मग रंध्रांतून किंवा उपत्वचेच्या भेगांतून आत शिरतो, आतलं द्रव पाणी त्याला भेटलं की तेही गोठतं. पेशींच्या मधल्या पोकळ्यांतला बर्फ पेशींच्या आतलं पाणी ओढून घेतो, पेशी सुकतात, पान काळपट होऊन मरतं.

या डोंगराचा माथा वारंवार ढगात असतो. भिजून गोठण्याचा प्रसंग तिथे नित्याचा. निलगिरीची झाडं पानं गाळून झोपी जात नाहीत, त्यांच्या कोंबांवर खवल्यांचं चिलखतही नसतं. भिजलेलं कोवळं पान आणि कडक रात्र एकत्र आली की झाडाची वाढ तिथेच खुंटते.

डी. ए. थॉमस आणि बार्बर यांनी हेच तपासलं. राखी पानांवर पाणी थांबत नाही आणि हिरव्या पानांवर थांबतं, हे त्यांनी मोजलं. आणि ओली पानं थंड करत नेली तेव्हा हिरवी आधी, जास्त तापमानालाच गोठली, राखी टिकून राहिली. मेणाचं काम पान गरम ठेवायचं नाही, कोरडं ठेवायचं. हे निबंध १९७४ साली ‘ऑस्ट्रेलियन जर्नल ऑफ बॉटनी’त आले. बार्बर १९७१ मध्येच वारले होते. सतरा-अठरा वर्षांपूर्वी उचललेल्या प्रश्नाचं हे उत्तर छापून आलेलं त्यांना पाहता आलं नाही.

मग खालच्या झाडांनीही राखी का होऊ नये? कोरडं पान कुणाला नको? इथे त्या जोडनिबंधातला दुसरा भाग उपयोगी पडतो, तो प्रकाशावर आहे. नळ्यांचं रान प्रकाश विखुरतं म्हणजे त्यातला काही परत फेकतं. वर, उघड्यावर, प्रकाश मुबलक असतो. थोडा गेला तर बिघडत नाही. उलट गारठलेल्या सकाळी ऊन कडक आणि पानाची रासायनिक यंत्रणा मंद असते तेव्हा जास्तीचा प्रकाश पानाला पेलवत नाही, हरितद्रव्याच्या यंत्रणेलाच इजा करतो. तेव्हा परत फेकलेला प्रकाश पथ्यावरच पडतो. खाली मात्र उंच झाडांची गर्दी. तिथे रोप सावलीत वाढतं, आणि सावलीतल्या रोपाला प्रकाशाचा प्रत्येक घोट मोलाचा. तिथे आरशासारखं पान घेऊन बसणारं रोप शेजारच्या हिरव्या रोपाच्या मागे पडतं. वरचा गुण खाली अवगुण ठरतो. वरून येणारे राखीपणाचे पराग खालच्या रानात रुजत का नाहीत, हे आता लक्षात येतं.

इथवर गोष्ट फार सुबक झाली आणि मला सुबक गोष्टींची थोडी भीती वाटते. मेणाचे दुसरे धंदेही आहेत. पी. बी. एडवर्ड्स यांनी १९८२ मध्ये दाखवलं की ग्लोब्युलसच्या राखी रोपपानांवर पॅरॉप्सिस भुंगेऱ्यांना पाय रोवता येत नाहीत, ते घसरतात. मेण पुसलं की पकड बसते. अर्निजेराच्या डोंगरावर किड्यांचा वाटा किती असेल? नळ्यांचं रान रंध्रांच्या तोंडाशीही असतं, त्याचा बाष्पोत्सर्जनावर काय परिणाम? अर्निजेराच्याच हिरव्या-राखी पानांचं परावर्तन आणि त्यांतली फिनॉल वर्गातली संयुगं यांची तुलना २००७ साली पुन्हा छापून आली, म्हणजे प्रकाशाच्या अंगाने प्रश्न अजून उघडा धरला गेला आहे. माझं मत विचाराल तर थेंब आणि सावली या दोन गोष्टींनी क्लाइनची दोन टोकं समजतात. मधल्या पट्ट्याची रुंदी एवढीच का, हे त्यांनी समजत नाही.

आता दुसरा प्रश्न, झाडं ओळखण्याचा. पृष्ठभागाची सूक्ष्म लक्षणं ओळखीसाठी वापरायची पद्धत जुनी आणि चांगली आहे. फूल-फळ हाताशी नसताना, पानाचा तुकडाच मिळालेला असताना, औषधी भुकटीत भेसळ तपासताना, जीवाश्मातल्या उपत्वचेवरून झाड ठरवताना दुसरं असतंच काय? निलगिरीत तर हॅलम आणि चेंबर्स यांनी १९७० साली प्रजातीतल्या पुष्कळ जातींची मेणं पाहून नळ्यांचं मेण आणि चकत्यांचं मेण असे मुख्य ढंग मांडले आणि ते वर्गीकरणातल्या गटांशी बरेचसे जुळतात असं दाखवलं. सातशेच्या वर जाती असलेल्या प्रजातीत अशी खूण मिळणं मोठीच सोय.

पण अर्निजेराचं प्रकरण त्या सोयीवर बोट ठेवतं. इथे नळ्या आणि पापुद्रे हा भेद दोन गटांमध्ये नाही, दोन जातींमध्येही नाही; तो एकाच जातीच्या खालच्या आणि वरच्या झाडांत आहे. रस्त्याच्या दोन वेगळ्या वळणांवरून एकेक पान आणून कुणी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घातलं असतं, आणि झाडं पाहिली नसती, तर दोन जाती जाहीर करायला त्याच्याकडे सज्जड पुरावा होता. छायाचित्रांसकट. म्हणून ‘या प्रजातीतल्या अमुक जातींची पर्णत्वचा’ अशा धर्तीचे निबंध वाचताना मी आधी एक आकडा शोधतो: प्रत्येक जातीची किती झाडं, किती ठिकाणची? पुष्कळदा उत्तर असतं एक झाड, विद्यापीठाच्या आवारातलं. त्या झाडाबद्दल तो निबंध खरा असतो.

सगळी लक्षणं सारखी ठिसूळ नाहीत, हेही म्हटलं पाहिजे. रंध्राभोवतीच्या पेशींची मांडणी पानाच्या विकासक्रमात लवकर ठरते आणि सहसा ढळत नाही. रंध्रांची संख्या मात्र ऊन, पाणी, हवेतला कार्बन डायऑक्साइड यांच्या तालावर नाचते. त्याच झाडाच्या उन्हातल्या आणि सावलीतल्या पानांतही ती वेगळी येते. मेण या दोन्हींहून अवघड, कारण ते आनुवंशिक असूनही निवडीच्या थेट तोंडावर असतं, आणि शिवाय घासून जातं. वाऱ्याने फांदीवर फांदी घासली, पाऊस आदळला, की नळ्या मोडतात. कोवळं, वाढतं पान गेलेलं मेण पुन्हा घालू शकतं. जून पानाची ती शक्ती गेलेली असते. तेव्हा नळ्या दिसल्या नाहीत म्हणून नव्हत्या असं म्हणायची सोय नाही. पान किती जुनं होतं ते आधी सांगा.

हे सगळं वनस्पतिसंग्रहालयातल्या कागदावर येऊन अडतं. नमुना दाबताना मेण टिपकागदाला लागतं, गरम हवेत सुकवलं तर वितळतं, बुरशीपासून वाचवायला अल्कोहोलचा हात फिरवला तर विरघळतं. वीस वर्षांनी कुणी ती फांदी काढून पाहतो तेव्हा राखी पान आणि हिरवं पान दोन्ही सारखीच तपकिरी झालेली असतात. ज्याने फांदी तोडली त्याने चिठ्ठीवर ‘पान राखी, पुसल्यावर हिरवं, उंची अमुक मीटर’ एवढी ओळ लिहिलेली असेल तर काम होतं. बहुतेक चिठ्ठ्यांवर तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नावच सुवाच्य असतं.